चाकं काढली नव्हती

रंगाऱ्याची हातगाडी बोळात अडकली तेव्हा सगळ्यात आधी हसला तो शेजारचा सुतार. खरं म्हणजे हसायला त्याला तोंड नव्हतं. पण माणूस आतून टरकला की उगाच हसतो, तसा तो हसला.

बोळ म्हणजे रंगाऱ्याच्या घराची भिंत आणि दोन घरांमधलं लाकडी कुंपण यांच्यातली चिंचोळी वाट. पुढच्या फाटकापासून मागच्या परसापर्यंत जाणारी. रंगाऱ्यानं उभा जन्म त्या वाटेनं हातगाडी नेली-आणली. वर शिड्या, खाली डबे, दांड्याला लटकवलेले ब्रश, आणि तोंडानं सतत कुणाच्या तरी नावानं ठणाणा. कुणी भिंतीच्या भेगांत नीट लांबी भरली नाही म्हणून, कुणी रंगात पाणी जास्त ओतलं म्हणून. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, कामं घेणं बंद झालं, बायको गेली, आणि गाडी मागच्या पत्र्याखाली जाऊन पडली ती पडलीच. आता इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याला हुक्की आली की गाडी पुढे आणायची, छान रंगवायची आणि तिच्यावर फुलांच्या कुंड्या मांडायच्या. काय वाईट होतं त्यात? पण गाडी बोळात शिरली आणि चार पावलांवर, सुताराच्या कार्यशाळेलगत, जी अडकली, ती मागेही जाईना आणि पुढेही येईना.

"अरे, ही आत गेली होती की नाही?" रंगारी ओरडत होता. "आत गेली होती ना? मग बाहेर का येत नाही? बोळ आकसलाय हा!"

त्याची मुलगी सुट्टीच्या दिवशी भेटायला आलेली होती. ती गाडीच्या पलीकडून म्हणाली, "बाबा, बोळ कसा आकसेल?"

"मग काय गाडी फुगली? कुंपण सरकलंय हे!"

सुतार कानाला पेन्सिल खोचून कुंपणाशी आला. त्याची कार्यशाळा कुंपणाला अगदी चिकटून. नुकतीच वाढवलेली, खाली गुळगुळीत कोबा, मधोमध नवीन मोठी करवत-मशीन. त्याला पाहताच मुलीनं सुटकेचा श्वास सोडला. "काका, तुम्हीच सांगा हो यांना. कुंपण सरकलंय म्हणतात."

"कुंपणाला काय पाय फुटलेत का पोरी?" सुतार म्हणाला. मुलगी हसली. सुतारही हसला.

रंगारी हसला नाही. त्यानं गाडीच्या दांड्यावरचा हात काढला आणि सरळ सुताराकडे पाहिलं. "मग तू सांग. गाडी आत कशी गेली?"

बघा, प्रश्न किती सोपा होता. आणि उत्तर सुताराला पाठ होतं. तो म्हणू शकला असता, "दादा, जरा इकडे या, एक बोलायचंय." एवढंच. पण त्याच्या पाठीमागे ती नवीन मशीन उभी होती, तो कोबा होता, आणि समोर मुलगी वाट बघत होती. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"चाकं काढून नेली होती की, दादा. विसरलात? डावं चाक मीच धरलं होतं."

इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रंगाऱ्याचं तोंड उघडं राहिलं. तो एकदा चाकाकडे पाहायला लागला, एकदा सुताराकडे. आणि मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. बापाच्या वयाची माणसं दिवसभर काउंटरवर येऊन काल नेलेलीच गोळी आज पुन्हा मागतात, हे ती रोज बघत होती. ती बापाकडे आता तसंच बघायला लागली.

आता खरं काय ते ऐका.

सुतारांच्या धंद्यात एक साधा नियम असतो. लाकडी खांब कुजला की नवा खांब जुन्या खड्ड्यात रोवायचा नाही. तिथली माती भुसभुशीत झालेली असते, खांब डुगडुगतो. शेजारी कडक जमिनीत नवा खड्डा घ्यायचा. शेजारी म्हणजे कुठे? पुढे-मागे सरकवावा तर फळ्यांची लांबी ठरलेली, मापं चुकतात. म्हणून या अंगाला नाही तर त्या अंगाला. या अंगाला सुताराच्या कार्यशाळेची भिंत, कुदळ मारायला हात उगारावा तर कोपर भिंतीवर आपटतं. त्या अंगाला मोकळा बोळ. मग काय, नवा खड्डा बोळात. जुना खांब जमिनीलगत करवतीनं कापून टाकायचा, खालचा बुंधा राहू द्यायचा मातीत. तो उपटत बसायला कुणाला वेळ आहे?

पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यात पाप नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. रंगारी महिनामहिना बाहेरगावच्या कामांवर असायचा, खांब कुजले, सुतारानं आपल्या खर्चानं बदलले. वर रंगाऱ्यानं येऊन "वा रे पठ्ठ्या" म्हणून पाठ थोपटली. पुढे काही वर्षांनी खांब पुन्हा कुजले. पुन्हा वीतभर पलीकडे. तिसऱ्या वेळेला मात्र सुतारानं खड्डे घेताना दोरी लावली, मागे सरून पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की कुंपण बोळाच्या निम्म्यावर जाऊन उभं राहिलंय. तेव्हा तो जरा वेळ पहार टेकून उभा राहिला. मग त्यानं खांब रोवले. आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्टीवर कार्यशाळा वाढवली. म्हणजे पहिली चूक धंद्याची होती, पण शेवटची त्याची स्वतःची होती, अगदी पक्की.

पण पट्टीचं एक वेळ जाऊ द्या. जमीन काय, आज इकडे उद्या तिकडे. त्याला खाऊ लागलं ते चाकांचं वाक्य.

कारण त्या दिवसानंतर रंगाऱ्याच्या घरात गोष्टी बदलायला लागल्या आणि सुताराची बायको एकेक बातमी घेऊन येऊ लागली. ती रंगाऱ्याला वाटीभर भाजी नेऊन द्यायची, येताना हातात रिकामी वाटी आणि तोंडात बातमी.

"मुलीनं शिडीला कुलूप लावलंय," ती एक दिवस म्हणाली.

दुसऱ्या खेपेला म्हणाली, "डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी काहीबाही विचारलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. दादा म्हणाले, मी जन्मात कधी वजाबाकी केली नाही, कायम बेरीजच करत आलो. डॉक्टर हसले नाहीत म्हणे."

आणि मग एकदा ती आली आणि रिकामी वाटी हातातच धरून कार्यशाळेच्या दाराशी उभी राहिली.

"काय झालं?" सुतारानं विचारलं.

"गॅसचं बटण काढून नेलंय मुलीनं. शेगडीचं. बाबा पेटता गॅस विसरतील म्हणून. म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात स्वतःच्या हातचा चहा करता येत नाही आता. थर्मास भरून ठेवते ती, दोन दिवस तोच पितात."

सुतार रंधा मारत होता. रंध्याचं पातं गाठीवर अडकलं आणि फळीचा कोपराच उडाला. त्या महिन्यात त्याच्या हातून अशा किती फळ्या वाया गेल्या, विचारू नका. कपाटाची दारं उलटी बसवली. एका गिऱ्हाइकाच्या टेबलाचा एक पाय आखूड केला, तो दुरुस्त करता करता टेबल चौरंग व्हायची वेळ आली. मशीन सुरू केली की त्याला वाटायचं, ती जिथं उभी आहे तिथं खाली माणूस पुरलाय. बोळातून काठीचा आवाज आला की तो मशीन बंद करायचा आणि श्वास रोखून उभा राहायचा. रंगारी बोळात उभा राहून भिंतीपासून कुंपणापर्यंत हात लांबवून बघत असायचा. एकदा, दोनदा. मग हात खाली सोडायचा आणि घरात जायचा. पूर्वीसारखा ओरडायचाही नाही. तो ओरडला असता तर सुताराला परवडलं असतं.

शेवटी त्यानं बायकोला सांगितलं. सगळं, खांबांपासून चाकांपर्यंत. ती कपडे घडी करत होती, घडी करतच राहिली. तिचं झाल्यावर म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"मशीन आली तेव्हा मी विचारलं होतं, एवढी जागा कुठून निघाली? तुम्ही म्हणालात, पसारा आवरला. तुम्ही आणि पसारा आवरणार!"

"मग मी आता काय करू?"

"मला काय विचारता? माझ्याजवळ कबूल करून काय उपयोग? माझी गाडी अडकलेली नाही."

सुतार उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिला. जमिनीची पट्टी परत द्यायची म्हणजे भिंत पाडायची, मशीन हलवायची, हे सगळं डोळ्यांसमोर यायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीचा चेहरा यायचा. तेवढ्यात रंगारीच त्याच्या दारात आला.

दुपारची वेळ होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, जणू परक्याच्या घरी आलाय. रोज कुंपणावरून हाका मारणारा माणूस, आज दारातून आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकून बसला.

"सुतारा," तो म्हणाला, "माफी मागायला आलोय."

"कसली माफी, दादा?"

"तुझ्यावर आळ घेतला मी. पहिले दोन दिवस अख्ख्या आळीत बोंबललो, सुतारानं माझा बोळ खाल्ला म्हणून. मुलगी म्हणाली, बाबा, काकांची माफी मागा, ते बिचारे किती सोसतात तुमचं. बरोबर आहे तिचं." त्यानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं, रेषांमध्ये अजून कुठल्या तरी जुन्या रंगाची छटा होती. "आणि तुला सांगतो, आता आठवलं बघ मला. चाकं काढली होती. तू डावं चाक धरलं होतंस. तुझ्या सदऱ्याला वंगण लागलं होतं, आणि मी म्हणालो होतो, आता वहिनी तुला घरात घेणार नाहीत. स्वच्छ आठवलं."

वंगण! वंगणाचं तर त्यानं सांगितलंही नव्हतं. म्हाताऱ्यानं रात्रंदिवस डोकं खाजवून त्याचं खोटं स्वतःच्या हातानं पुरं केलं होतं, त्याला रंग दिला होता.

"रविवारी जातोय मी मुलीकडे," रंगारी म्हणाला. "कायमचा. घर भाड्यानं देणार आहे ती. तिच्याकडे चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. भिंती कुणी तरी आधीच रंगवलेल्या आहेत." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज चिरकला. "एकट्याला ठेवण्यासारखा राहिलो नाही ना मी. ज्याला आपला बोळसुद्धा ओळखू येत नाही, त्याचा काय भरवसा? चल. बोललं-चाललं माफ कर."

आणि तो हात जोडून उठला. हो, हात जोडले त्यानं. कुणापुढे? या माणसापुढे! रंगारी फाटकापर्यंत पोचला तेव्हा कुठे सुताराच्या अंगात बळ आलं, आणि मग मात्र तो अनवाणी धावत मागे गेला. रंगाऱ्याच्या स्वयंपाकघरात दोघं पोचले. मुलगी तिथं बॅगा भरत होती.

त्या स्वयंपाकघरात सुतारानं पाय ठेवला आणि क्षणभर तो आलाय कशाला हेच विसरला. फडताळावरच्या डब्यांवर अक्षरं रंगवलेली होती. साखर. मीठ. चहा. कपाटाच्या दारावर कप. मागच्या दारावर कडी लाव. एकेक अक्षर देखणं, जाड-बारीक वळणाचं, रंगारी दुकानांच्या पाट्यांवर काढायचा तसलं. स्वतःच्या घरात चुकू नये म्हणून माणसानं स्वतःसाठी पाट्या रंगवल्या होत्या.

"दादा," सुतार म्हणाला, "चाकं काढली नव्हती. मी खोटं बोललो. कुंपण मी सरकवलंय. तीनदा."

झालं! इतके दिवस गळ्यात अडकलेलं बाहेर पडलं. आता हा मारेल, शिव्या देईल, मुलगी थयथयाट करेल, म्हणून सुतार मान खाली घालून उभा राहिला.

रंगारी जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, काढली होती रे," तो समजुतीनं म्हणाला. "मला आठवतंय ना. तू माझं मन राखायला बोलतोयस. पण नको. आता कुठे माझं डोकं जरा ताळ्यावर येतंय, त्यात पुन्हा घोळ घालू नकोस."

"दादा, शपथेवर सांगतो—"

"काका," मुलगी मध्ये पडली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "तुमचं मन फार मोठं आहे. पण त्यांच्या कलानं असं घेऊ नका. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या भ्रमाला हो म्हटलं की गोंधळ वाढतो. जाताना शांतपणे जाऊ देत त्यांना."

आता बोला! जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला गेला, तर दोघांनी मिळून त्याला देवमाणूस करून घरी पाठवला. सुतार परत आला आणि कार्यशाळेच्या उंबऱ्यावर बसला. बायकोनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. विश्वास ठेवत नाहीत."

"का ठेवतील?" ती म्हणाली. "इतके दिवस खोट्यावर ठेवायला लावलात."

सुतारानं कोब्याकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग पुन्हा कोब्याकडे. "पहार कुठं आहे?" त्यानं विचारलं.

रविवारी उजाडताच त्यानं मशीनचे नट सोडले. तो आणि त्याची बायको, दोघांनी ढकलत ढकलत ती कोपऱ्यात नेली. ती ढकलताना बायको दोनदा म्हणाली, "माझी कंबर," आणि दोन्ही वेळा थांबली मात्र नाही. मग त्यानं कोब्यावर पहिला घाव घातला. कोबा चांगला होता. त्यानंच केला होता, हलकं काम त्याला कधी जमलंच नाही. तुकडे उडत होते, हाताला फोड आले, आणि बाहेर रंगाऱ्याच्या दारात सामानाचा टेम्पो येऊन उभा राहिल्याचा आवाज आला. खाट उचलली गेली, मग कपाट. सुतारानं हात जोरात चालवायला सुरुवात केली. कोब्याखाली खडी, खडीखाली माती. माती काळी, ओलसर. पहार कशाला तरी लागली आणि भद्द आवाज आला.

"दादांना बोलवा," तो बायकोला म्हणाला. "टेम्पो सुटायच्या आत."

बायको गेली आणि आळीत कुणी कधी ऐकला नसेल अशा आवाजात ओरडली. रंगारी आला, मागून मुलगी, तिच्या हातात अजून उशी होती. कार्यशाळेत सगळीकडे धूळ, भिंतीला टेकलेली मशीन, आणि मधोमध खड्ड्यात गुडघ्यांवर सुतार.

"काका, हे काय चाललंय?" मुलगी म्हणाली.

"दादा, खाली या," सुतार म्हणाला. "हात द्या माझ्या हातात. बघा."

रंगारी कुरकुरत खाली बसला. खड्ड्यात खांबाचा बुंधा होता. वरून काळपट, सुताराच्या करवतीनं कापलेला, बाजूनं सोललेला. पण मातीत जिथं हवा लागली नव्हती तिथं रंग होता. निळसर करडा. रंगाऱ्यानं अंगठ्याच्या नखानं माती खरवडली, थुंकी लावली, पुन्हा खरवडली.

"हा माझा," तो म्हणाला.

तो हातानं आणखी माती बाजूला सारू लागला.

"हा माझा आहे. जमिनीखालचा भाग दुसरं कोण रंगवतं? सगळे हसायचे मला, मातीत कोण बघणार म्हणून." त्यानं मान वर केली आणि बुंध्यापासून कुंपणापर्यंत नजर नेली. मध्ये अख्खी भिंत होती, आणि भिंतीच्या पलीकडे कुंपण. "म्हणजे कुंपण इथं होतं?"

"इथं होतं, दादा. असे पाच बुंधे आहेत ओळीनं. सगळे काढून दाखवतो."

"मग चाकं?"

"काढली नव्हती. गाडी अख्खीच आत गेली होती. मी नव्हतोसुद्धा तिथं."

"पण मला आठवतंय," रंगारी म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तुझ्या सदऱ्याला वंगण लागलं होतं."

"मी सांगितलं म्हणून आठवतंय. तसं झालंच नव्हतं. तुमचं डोकं कधीच बिघडलं नव्हतं, दादा. तुम्ही पहिल्या दिवशी बोललात ते शब्दन् शब्द खरं होतं."

रंगाऱ्यानं बुंध्यावर हात ठेवला. मग त्यानं विचारलं, "तू ते बोललास तेव्हा तुला माहीत होतं?"

सुताराला वाटलं, इथं एखादी पळवाट असेल तर बरं. नव्हती. "हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

रंगाऱ्यानं शिवी दिली नाही. हात उगारला नाही. तो भिंतीला धरून उठला, सुतार मदतीला पुढे झाला तर त्याचा हात बाजूला केला. मग तो मुलीकडे वळला. तिनं उशी छातीशी घट्ट धरली होती आणि ती रडत होती. "बाबा, मला वाटलं... काका म्हणाले म्हणून मी..."

रंगाऱ्यानं तिच्यासमोर तळहात पसरला.

"गॅसचं बटण दे माझं," तो म्हणाला.

ती बॅगेत शोधायला लागली. किल्ल्या पडल्या, रुमाल पडला, शेवटी काळं बटण सापडलं. रंगाऱ्यानं ते मुठीत घेतलं आणि धुळीतून वाट काढत घरी गेला. थोड्या वेळानं टेम्पोवाल्यानं खाट उतरवली, मग कपाट उतरवलं, आणि "आधी नीट ठरवत का नाहीत लोक" असं पुटपुटत तो निघून गेला.

सुतारानं भिंत पाडली, कार्यशाळा पूर्वी होती तेवढीच केली. मशीन आत मावेना, ती विकली. तोट्यात विकली, आणि तोटा झाला याचं त्याला बरंच वाटलं. पाचही बुंधे मुळासकट उपटून त्यानं त्याच जागी खड्डे घेतले, आणि या वेळी भुसभुशीत मातीत खडी ठासून खांब पक्के केले. वेळ लागतो, पण होतं ते काम. पहिल्याच वेळेला झालं असतं.

रंगारी रोज खुर्ची टाकून बघत बसायचा. बोलत काही नव्हता. खांब रोवायच्या आधी मात्र त्यानं एकेक खांब आपल्याकडे ओढून घेतला आणि खालचा, मातीत जाणारा भाग स्वतः रंगवला. फळ्या लागल्यावर गाडी बोळातून बाहेर आली, दोन्ही चाकांवर, कशालाही न खरचटता. मुलीनं टाळ्या वाजवल्या. सुतार कुंपणाच्या आपल्या बाजूला उभा होता, त्यानं टाळी वाजवायला हात उचलले आणि पुन्हा खाली सोडले.

मग रंगाऱ्यानं कुंपण रंगवायला घेतलं. पूर्वी तो दोन्ही बाजू रंगवायचा, सुताराची आधी, कारण म्हणे पाहुण्याचं ताट आधी वाढायचं. या खेपेला त्यानं आपली बाजू रंगवली. सुताराच्या बाजूचं लाकूड तसंच कोरं राहिलं. सुताराच्या घरात रंगाचा डबा होता, ब्रशही होता. पण तो हात लावेना. बायको म्हणाली, "उन्हापावसानं खराब होईल." तो म्हणाला, "होऊ दे."

असाच एक दिवस सुतार अंगणात फळी तासत होता. पलीकडून ब्रशचा आवाज येत होता, सप सप. घरात मुलगी आलेली होती, भांडी वाजत होती. ब्रश थांबला. दोन फळ्यांच्या फटीतून रंगाऱ्याचा सदरा दिसत होता.

"सुतारा," तो म्हणाला.

इतक्या दिवसांनी पहिली हाक. सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला. तो कुंपणाला तोंड लावून म्हणाला, "बोला ना, दादा."

"आज वार कोणता रे?"

"गुरुवार, दादा. गुरुवार आहे आज."

पलीकडे ब्रश डब्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग रंगारी घराच्या दिशेला वळला आणि मोठ्यानं ओरडला, "पोरी, आज वार कोणता गं?"

"गुरुवार, बाबा," आतून उत्तर आलं.

"हं," रंगारी म्हणाला. आणि ब्रश पुन्हा चालायला लागला.